वाडग्यातलं पाणी गोठेपर्यंत

११ जानेवारी १९७३. संध्याकाळी मी मेडिकल वॉर्डात ब्लँकेटं वाटत होते.

मी तेव्हा मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये कॅप्टन होते. वय एकोणचाळीस. नगरच्या लष्करी इस्पितळात येऊन दीड वर्ष झालं होतं. नगरला थंडी पडते हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. दिवसा ऊन असतं. सूर्य मावळला की उघड्या माळावरून वारा सुटतो आणि अडवायला झाड नसतं. त्या वर्षी तर दुष्काळ होता. जी झाडं होती तीही वाळून गेली होती.

प्रत्येक पेशंटला दोन ब्लँकेटं, हा नियम. तिसरं कुणाला द्यायचं ते वॉर्ड इन्चार्ज ठरवी, म्हणजे मी. त्यासाठी मी पेशंटला काही विचारत नसे. जवान विचारल्यावर 'ठीक आहे' एवढंच सांगतो. मी ब्लँकेटखाली हात घालून पायाचे अंगठे धरून बघायची. गार लागले तर तिसरं ब्लँकेट. ही सवय लडाखच्या पोस्टिंगपासूनची. तिथं आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवली होती. माणूस थंडीनं कापतो आहे तोवर फार काळजी नाही. अंग गारच आहे आणि कापणं थांबलं, तर मात्र धावायचं.

पलंग सहावर नाईक किसन भवार होता. नगर जिल्ह्यातल्याच बेलापूरचा. लष्कराच्या डेपोच्या पहाऱ्यावर जी कुत्री होती त्यांतल्या एकीचा हँडलर, म्हणजे तिला सांभाळणारा. एकाहत्तरच्या लढाईत छातीत तोफगोळ्याचा स्प्लिंटर शिरला होता आणि तो पूर्ण निघाला नव्हता. आता त्याच बाजूला न्यूमोनिया झाला होता. पेनिसिलिन चालू होतं. ताप उतरत नव्हता. अंगठे गार लागले. मी तिसरं ब्लँकेट घातलं.

"शिस्टर, जिप्सीला आत घेतली का?"

गेले तीन दिवस तो रोज हेच विचारत होता. जिप्सी म्हणजे त्याची अल्सेशियन कुत्री. आठ वर्षांची. तिला खरूज झाली होती, म्हणून अंगावरचे सगळे केस उतरवून औषध चोपडलं होतं. खरूज दुसऱ्यांना लागते, त्यामुळे तिला कुत्र्यांच्या बंद बराकीत ठेवता येत नव्हतं. माळाच्या कडेला एक वेगळा पिंजरा होता. तीन बाजूंना भिंत, पुढे जाळी, खाली फरशी. एरवी फरशीवर पेंढा असे. त्या वर्षी काडी न् काडी जनावरांच्या छावण्यांकडे जात होती. कुत्र्यांच्या अंथरुणाचा पेंढा दिवाळीपासून बंद झाला होता.

"विचारते," मी म्हटलं आणि वॉर्डातल्या टेलिफोनवरून डॉग सेक्शन मागितलं.

डॉग सेक्शन सुभेदार मोहिते सांभाळत. साताऱ्याचे. त्यांची जवळजवळ सगळी नोकरी पहाडात, खेचरं आणि कुत्री यांच्याबरोबर झाली होती. तिकडचा एक रिवाज त्यांनी नगरला आणला होता. पाण्याचा एक वाडगा बाहेर ठेवायचा. त्यावर बर्फाचा पापुद्रा धरला की कुत्री रात्रीपुरती आत घ्यायची, नाहीतर बाहेरच. पहाडात हा हिशेब बरोबर असणार.

"डॉग सेक्शन."

"कॅप्टन देशमुख, मेडिकल वॉर्ड. जिप्सी आत घेतलीत?"

"नाही मॅडम. पापुद्रा धरलेला नाही."

"तिच्या अंगावर केस नाहीत."

"पोतं टाकलंय की. आणि आत घेऊ कुठं? खरूज पसरली तर उद्या पहाऱ्याला मी स्वतः भुंकू काय?"

मी फोन ठेवला. भवारला काही सांगायची गरज पडली नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"पापुद्रा?" त्यानं विचारलं.

"हो."

"नगरात कवा बर्फ धरायचा वो? बेलापुरात मी जन्मलो, तितं रांजनात कंदी बर्फ बगितला न्हाई." बोलताना त्याला धाप लागली. "सुभेदारसाब मानूस लई चांगला हाय. पर तेंच्या डोक्यात आजून हिमालयच हाय."

बाजूच्या पलंगावरचा हवालदार हसला. भवारही हसला आणि मग बराच वेळ खोकत राहिला.

मी दुसऱ्या टोकाला औषधं द्यायला गेले. परत आले तर पलंग सहा रिकामा. भवार व्हरांड्यात होता. इस्पितळाचा निळा पायजमा, खांद्यावर एक ब्लँकेट, पाय अनवाणी. खांबाला धरून उभा होता.

"भवार, कुठे निघालात?"

"हितंच. जाऊन येतो."

"पलंगावर."

"माज्याबिगर ती कुनाच्या हाताला लागत न्हाई, शिस्टर. परवा एकाला चावली. आता कुनी जवळ जात न्हाई. काठीनं थाळी सरकवत्यात."

हे खरं होतं. एक कुत्रं, एक हँडलर, अशीच ती शिकवलेली असतात. हँडलर आजारी पडला तर काय, हे कुणी ठरवलेलं नव्हतं.

माझ्यापुढे दोन गोष्टी होत्या. याला जाऊ दिलं तर मैलभर माळावरचा वारा याच्या छातीत जाणार. नाही जाऊ दिलं तर हा पुन्हा उठणार, आणि तेव्हा कदाचित मी इथे नसेन. ड्यूटी संपायला थोडाच वेळ होता.

"मी जाते," मी म्हटलं. "तुम्ही पाय खाली ठेवायचा नाही. कबूल?"

"तुमाला चावंल."

"चावली तर मी इस्पितळातच आहे."

तो पलंगावर गेला. उशाखालून आपली जर्सी काढून दिली. मग सूचना दिल्या, एकेक, नव्या शिपायाला देतात तशा. "हाक मारू नका. जाळीपाशी खाली बसा. ही फुडं टाका. वास घेऊ द्या. ती गुरगुरंल, गुरगुरू द्या. मंग कानाचं टोक धरून बगा. गार लागलं आन् कापत आसंल, तर बरी हाय. कापत नसंल..."

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

"व्हय. तुमाला ठावं आसंल."

चार्ज देऊन मी सायकल घेतली. रस्त्याला अंधार होता. हातमोजे नव्हते. हँडलवर बोटं बधिर झाली, ती नंतरही बराच वेळ तशीच राहिली.

सुभेदार मोहिते कंदील घेऊन बाहेर आले. मला बघून सॅल्यूट केला. वाटेत वाडगा होता. त्यांनी वाकून त्यात बोट बुडवलं आणि मला दाखवलं.

"बघा मॅडम. पाणीच आहे."

"वाडग्याचे केस कापले नव्हते, सुभेदारसाहेब."

ते बोट पुसून पुढे चालू लागले. पिंजऱ्यापाशी पोचलो. त्यांनी कंदील वर धरला. जिप्सी कोपऱ्यात भिंतीला चिकटून मुटकुळं करून पडली होती. पोतं वाऱ्यानं जाळीपाशी जमा झालं होतं. मी खाली बसले. जर्सी आत टाकली. ती जवळ आली नाही. गुरगुरली नाही. डोळे उघडे होते.

"गुरगुरत कशी नाही?" सुभेदार म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

मी कडी काढून आत गेले. कानाचं टोक धरलं. सकाळी वॉर्डाच्या खिडकीची लोखंडी कडी लागते तसं गार. पोटावर हात ठेवला. कापत नव्हती.

मी काही सांगायच्या आत सुभेदारांनी कंदील माझ्या हातात दिला, वाकले आणि जिप्सीला दोन्ही हातांनी उचललं. बराकीकडे नाही, स्वतःच्या खोलीकडे निघाले. स्वतःच्या खाटेवर, स्वतःच्या रजईवर ठेवलं. मी तिला जर्सीत गुंडाळलं. ते शेगडी जवळ आणू लागले, ती मी लांब ठेवायला लावली. एकदम ऊब द्यायची नसते. कोमट पाण्यात गूळ कालवून बोटानं हिरड्यांना लावला.

आम्ही दोघं बसून राहिलो. बऱ्याच वेळानं तिच्या मागच्या मांडीला एक झटका आला. मग सगळं अंग थरथरू लागलं, खाट वाजायला लागली. सुभेदारांनी रजई सारखी करायला हात पुढे केला. ती गुरगुरली.

"घ्या! माझ्याच खाटेवर मलाच दम," ते म्हणाले आणि तोंड फिरवून चष्मा पुसत बसले.

मी त्यांच्या ऑफिसातून फोन लावला.

"मेडिकल वॉर्ड."

"कॅप्टन देशमुख. पलंग सहाला सांगा, जिप्सी आत आहे. कापते आहे. गुरगुरते आहे."

"मॅडम, एक मिनिट." नर्सिंग असिस्टंट लांब गेला, परत आला. "सांगितलं मॅडम. म्हणाला, मग ठीक आहे." आणि जरा थांबून, "मॅडम, तुम्ही या. डॉक्टरसाहेब त्याच्याजवळ आहेत."

मी पोचले तेव्हा पलंग सहाभोवती पडदे लावले होते. ऑक्सिजन बंद केला होता. डॉक्टर, म्हणजे मेजर साहेब, हात धूत होते. जुनी जखम, हृदयानं साथ सोडली, असं म्हणाले. व्हरांड्यात उभं राहिल्यामुळे का, हे मी विचारलं नाही. मी सवयीनं ब्लँकेटखाली हात घातला. अंगठे अजून गार झाले नव्हते.

पुढचं थोडक्यात सांगते. भवारची बायको आणि तिचा दीर दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीनं आले. दीर शिकलेला होता, त्यानं सगळं नीट विचारून घेतलं. बायकोनं एकच विचारलं, "कुत्री कुठं हाय?" सुभेदारांनी तिला नेऊन दाखवली. जिप्सी आणखी दोन हिवाळे जगली. नव्या हँडलरनं पहिले काही दिवस भवारची जर्सी अंगात घालून तिला थाळी दिली, मग ती त्याच्या हाताला आली. वाडगा सुभेदारांनी तिथेच ठेवला, पण संध्याकाळी स्वतः प्रत्येक कुत्र्याचे कान धरून फिरू लागले.

नाईक किसन भवार, बेलापूर. लढाईत वाचला होता. ज्या दिवशी गेला त्या दिवशी त्याच्या नावे कुठली कामगिरी नव्हती. इस्पितळात गेलेल्यांची नावं कुठल्या दगडावर कोरत नाहीत, म्हणून इथे लिहिलं.

तर, १२ जानेवारीची सकाळ. मी लवकर वॉर्डात गेले. पलंग सहाच्या चादरी धुलाईला दिल्या, गादी उन्हात टाकली. तिसरं ब्लँकेट मी निकामी ठरवलं. तसं करायचा मला अधिकार होता. ड्रेसिंगच्या कात्रीनं ते कापलं, पुढच्या पायांसाठी दोन भोकं पाडली, पोटाखाली बांधायला बँडेजचे बंद शिवले. सायकलवरून डॉग सेक्शनला गेले.

जिप्सी सुभेदारांच्या दारात उन्हात उभी होती. मला बघून गुरगुरली नाही. माझ्या मागे, फाटकाकडे बघत राहिली. मी तिच्या अंगावर ते घातलं, बंद बांधले, गाठ घट्ट आहे का बघितली आणि कानाचं टोक धरलं. गरम होतं.

मग परत येऊन मी पलंग सहा लावला. त्यावर दोन ब्लँकेटं ठेवली.