पाय काढल्यावरही

"ताई, ब्रेकवरचा पाय काढा," गाडीच्या मागून इलेक्ट्रिशियन म्हणाला.

"केव्हाच काढलाय."

तरी मागचा लाल दिवा जळतच होता. त्याने पेडलच्या वर हात घालून रबराच्या बटणाचा भुगा काढून दाखवला. "हे झिजलं की पाय निघाला तरी दिव्याला कळत नाही."

मी त्या भुग्याकडे बघत राहिले. दिवेलागणीला सून घरात हवी, हा सासूबाईंचा नियम. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आता विचारणारं कोणी नाही, पण ऊन कललं की मैत्रिणींच्या घोळक्यातही माझं लक्ष उडतं, हात पर्सकडे जातो.

नवं बटण बसलं. दिवा विझला.

"एकदा चक्कर मारून बघता?" त्याने विचारलं.

"नको," मी म्हटलं, "अंधार पडायच्या आत घरी पोचायला हवं."