पक्कं सांगणारे साडू

आमच्या धाकट्या साडूंना देवानं शंका नावाची गोष्ट दिलीच नाही. त्यांच्या वाटणीची तीही बहुधा मलाच मिळाली. आम्ही दोघंही फिजिक्सचे मास्तर. नव्वदनंतर हैदराबादेत घरोघरी इंजिनिअरिंगचं वेड शिरलं आणि दिलसुखनगरात गल्लोगल्ली कोचिंग क्लास निघाले, तेव्हा एकाच क्लासात शेजारच्या खोल्यांत आम्ही शिकवायचो. मी फळ्याकडे तोंड करून म्हणायचो, "काही अपवाद सोडले तर साधारणपणे असं म्हणता येईल." भिंतीपलीकडून यांचा आवाज यायचा, "लिखो. ये ऐसाच है." पुढच्या सत्रात माझी निम्मी पोरं भिंतीपलीकडे. घरीही तोच थाट. चिक्कडपल्लीच्या बाजारात कलिंगडाला हातही न लावता "गोड आहे" असं जाहीर करतात. एकदा सासुरवाडीला जाताना त्यांनी गाडी थेट उलटीकडे, सिकंदराबादला नेली, आणि खाली उतरून म्हणाले, "आपण सिकंदराबादला आलो आहोत." तेही इतक्या ठामपणे, की मेहुणीला वाटलं इथंच यायचं होतं.

आता ते मोबाइलपुढे उभे राहून व्हिडिओ करतात आणि कुठकुठली पोरं ते बघतात. मी जळतो. सरळच सांगतो, जळतो. मुलगी बारावीला, घरात बाप फिजिक्सचा मास्तर, आणि ही कानात इअरफोन घालून काकांपुढे बसते! विचारलं तर म्हणाली, "बाबा, तुम्ही लई घुमवता. काका एकदम सीधा बोलतात."

मग मी त्यांचे व्हिडिओ चुका काढायलाच बघू लागलो, आणि एक सापडली. वर फेकलेला चेंडू टोकाला क्षणभर थांबतो, तेव्हा त्याचं त्वरणही शून्य, असं ते बोलून गेले होते. अहो, गुरुत्वाकर्षण तिथं रजेवर जातं की काय? आनंदानं मला जेवण जाईना. फोन लावला आणि आवाजात जमेल तेवढी काळजी आणून चूक सांगितली.  ते म्हणाले, "हौ साडूभाऊ, चुकलंच." मी वाद घालायची केवढी तयारी केली होती, ती तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मुलीनं मोबाइल माझ्यापुढे धरला. नवा व्हिडिओ होता. "कल मैं गलत बोला. बिल्कुल गलत." सबब नाही, सारवासारव नाही. मला इतक्या वर्षांत अशी कबुली द्यायची पाळीच आली नव्हती, कारण चुकण्याइतकं ठाम मी कधी काही बोललोच नव्हतो. एवढ्यात ते पुढे म्हणाले, "मेरे साडूभाई पकड़े ये गलती. मेरे से अच्छा पढ़ाते उनो. ये पक्का है."

मुलगी माझ्याकडे बघत होती. "पुन्हा लावू का, बाबा?" तिनं विचारलं. मी मानेनंच नको म्हटलं. साडूंचं प्रत्येक विधान आजवर मी खोदून खोदून पाहिलं. हे एकच तपासून बघायचं मला धाडस झालं नाही.