निकाल सांगा म्हणणाऱ्या मंदाताई

मंदाताई भोईर कधी पुढच्या रांगेत बसल्या नाहीत. सभागृह कुठलंही असो, त्या दाराजवळची खुर्ची पकडायच्या. "बोलणारा फालतू निघाला तर उठून जाता यायला हवं," असं कारण त्या सांगायच्या, आणि ते खरंही करून दाखवायच्या. वक्ता घसरला की पर्स उचलायची, निऱ्या सारख्या करायच्या, खुर्चीखालची चप्पल शोधायची आणि इतक्या सावकाश बाहेर पडायचं, की बोलणाऱ्याचं वाक्य हमखास अडखळायचं.

आमच्या वर्गातून त्या पहिल्याच सकाळी अशा उठल्या. मुंबईतल्या आणि परदेशातल्या दोन विद्यापीठांनी मिळून वार्धक्यावरचा एक प्रकल्प अंबरनाथमध्ये आणला होता. साठीपुढच्या माणसांनी आठवड्यातून दोनदा शिकायला यायचं, आणि अधूनमधून शेजारच्या खोलीत त्यांची स्मरणशक्ती, चाल, हाताची पकड तपासून घ्यायची. शिकत राहिल्याने उतारवयात डोकं टिकतं का, हे बघायचं होतं. वर्गाची व्यवस्था माझ्याकडे होती. तपासणीच्या खोलीत मात्र आम्हाला प्रवेश नव्हता. तिथले आकडे थेट मुंबईला जायचे.

हेतू चांगला होता. पण शिकवायचं काय, तर टाळ्या वाजवणं, खोटं हसणं आणि छापील फुलांत रंग भरणं. मुंबईहून आलेली प्रशिक्षक लाडात म्हणाली, "चला आजी-आजोबा, सगळ्यांनी मोठ्ठं हसायचं." ज्यांनी जन्मभर कारखान्यात यंत्रं चालवली, दुकानं चालवली, मुलांची लग्नं करून दिली, ती माणसं संकोचून हसली. मंदाताई उठल्या. मी मागोमाग व्हरांड्यात गेले.

"अगं, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होते," त्या म्हणाल्या. "मला रंगीत खडू कशाला देता? मेंदू म्हातारा कसा होतो ते शिकवा ना. आमचाच तपासताय, तर आम्हालाच सांगा."

मूळच्या त्या पालेगावच्या शेतकरी घरातल्या. "आमच्या खाचरावर आता लिफ्ट चालते," असं तिथल्या टॉवरांकडे बोट दाखवून म्हणायच्या. मॅट्रिक होऊन उल्हासनगरच्या एक्स्चेंजमध्ये लागल्या आणि व्यापाऱ्यांचे फोन जोडता जोडता सिंधी शिकल्या. यजमान गेल्यावर बदलापूरला, बेलवलीत एकट्या राहत होत्या, मुलगी बडोद्याला. एरवी बोलणं नीटस, पण संताप झाला की पालेगावची बोली वर यायची. ती ऐकू आली की समोरच्याने सावध व्हावं.

वर्गात त्यांची जोडी होती आसनदासजींशी. उल्हासनगरात त्यांचं कापडाचं दुकान होतं. तरुणपणी ते रोज सुरतेला ट्रंक कॉल लावायचे आणि तो जोडून द्यायच्या मंदाताई. चेहरा पाहण्याआधी कित्येक वर्षं ते एकमेकांचा आवाज ओळखत होते. ते त्यांना सिंधीतल्या बहिणीच्या हाकेने 'अदी' म्हणायचे, त्या 'अदा' म्हणायच्या. आसनदासजी वर्गात खाऊ आणायचे आणि तो वाटताना कुणाला दिला, कुणाला नाही, हे विसरून पुन्हा पुन्हा वाटायचे. आम्ही हसायचो. तेही हसायचे.

मंदाताईंच्या हट्टामुळे रंगकाम बंद झालं. गावातल्या कॉलेजातले जीवशास्त्राचे प्राध्यापक येऊ लागले, एक वकीलबाई मृत्युपत्र आणि सोसायटीचे कायदे सांगू लागल्या. लोक प्रश्न विचारायला लागले, भांडायला लागले. वर्गाला जिवंतपणा आला.

एका सकाळी वर्ग सुटल्यावर आसनदासजी रिक्षात बसले आणि घरी पोचलेच नाहीत. त्यांनी रिक्षावाल्याला पत्ता सांगितला तो लहानपणच्या घराचा. ते घर पडून जमाना झाला होता. तिथून ते चालत निघाले. दुसऱ्या दिवशी वांगणीच्या पुढे रस्त्याकडेला सापडले, खुबा मोडलेला, ओठ कोरडे पडलेले.

त्यांचा मुलगा प्रकाश वर्गात आला. त्या दिवशी प्रकल्पप्रमुख सरही आले होते. प्रकाशचा आवाज चढलेला नव्हता. "बाबा इथे दोन वर्षं येतात. तुम लोग टेस्ट करते हो. कुणालाच काही दिसलं नाही का?"

सर म्हणाले, "तसं नाही. दुसऱ्या चाचणीत त्यांची घसरण बरीच स्पष्ट होती. त्यामुळे शास्त्रीयदृष्ट्या हे अगदीच अनपेक्षित नव्हतं."

त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं की सभागृहाला ते कळायलाच एक क्षण लागला. मग दाराजवळून आवाज आला.

"म्हंजे तुमाला म्हायती व्हतं."

"ताई, व्यक्तिगत निकाल सांगणं अभ्यासाच्या नियमात बसत नाही. दोन्ही विद्यापीठांनी मिळून तसं ठरवलंय."

"ठरवलं तवा आसनदास व्हता का तिथं?" मंदाताई उभ्या राहिल्या होत्या. "त्याचा मेंदू, त्याचा निकाल, आणि तो ठेवायचा मुंबईत. त्याच्या पोराला कळलं असतं तर त्याने बापाला एकटा रिक्षात बसवला असता का?"

सरांनी घड्याळ पाहिलं आणि चर्चा पुढच्या बैठकीत घेऊ म्हणाले. मला आजही त्या घड्याळाकडे बघण्याचा राग येतो. माणूस रस्त्यावर पडून राहिला होता आणि यांना पुढच्या बैठकीची सोय होती. म्हाताऱ्यांवर अभ्यास करायचा, पण म्हातारा माणूस समोर उभा राहून बोलला की त्याला वेळ नाही.

पुढच्या तपासणीला सगळे आले. नेहमीसारखे नीटनेटके कपडे, हातात पाण्याच्या बाटल्या. तपासणीच्या खोलीचं दार उघडलं, नावं पुकारली गेली, पण कुणी जागचं हललं नाही. मंदाताईंनी घरोघर फोन करून सगळ्यांशी बोलून ठेवलं होतं.

"आम्ही वर्गाला आलोय," त्या तपासणाऱ्या मुलीला म्हणाल्या. "चहा घेऊ, शिकू. आत येणार नाही. तुझ्यावर राग नाही, बाळ. वर कळव, की ज्याचा निकाल त्याला सांगणार असाल तर आम्ही आत येऊ."

मुंबईहून विनवण्या आल्या. मग फंडिंग थांबेल, वर्ग बंद पडेल, अशी भीती घालून झाली. काहीजण डगमगले. मंदाताई त्यांना म्हणायच्या, "आपण गिनिपिग नाही. लाईन दोन्ही बाजूंनी चालू पाहिजे. एकटाच बोलतोय आणि दुसरा नुसता ऐकतोय, तर तो फोन बिघडलाय." तपासणीचा तो हंगाम कोरडा गेला. अखेर परदेशी विद्यापीठातल्या एका प्राध्यापक बाईंनीच व्हिडिओ कॉलवर मंदाताईंचं म्हणणं ऐकून घेतलं. इंग्रजीच्या एका शिक्षिकेने दुभाष्याचं काम केलं. नियम बदलला. ज्याला हवा त्याला त्याचा निकाल, डॉक्टरांकडून, खाजगीत, सोबत हव्या त्या माणसाला घेऊन.

मंदाताईंनी सोबत मला नेलं. मुलीला उगाच बडोद्याहून धावाधाव नको, म्हणाल्या.

डॉक्टर तरुण होता. कागदावरची नजर न काढता म्हणाला, "वयाच्या मानाने थोडंफार असतंच..."

"घुमवू नका," मंदाताई म्हणाल्या. "सरळ सांगा."

मग त्याने सरळ सांगितलं. विसरण्याच्या आजाराची सुरुवात झाली होती. पुढच्या तपासण्या करायला हव्यात, पण लक्षणं त्याच दिशेची होती.

मंदाताईंनी पदराने चष्मा पुसला. बराच वेळ पुसत राहिल्या. मला वाटलं, आता म्हणतील की कळलं नसतं तर बरं झालं असतं. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "भीती वाटतेय गं." आणि थोड्या वेळाने, "पण माझी भीती माझ्याकडेच असलेली बरी. यांच्या कॉम्प्युटरात नको."

पुढच्या आठवड्यात त्यांनी गॅस काढून इंडक्शन घेतलं, मुलीला बोलावून बँकेचं, घराचं सगळं समजावून दिलं. मग बेलवलीच्या रिक्षा स्टँडवर गेल्या आणि चालकांना म्हणाल्या, "मला विसरायचा आजार आहे. मी दुसरा कुठला पत्ता सांगितला तरी ऐकू नका, मला घरीच आणून सोडा." लोक आजार लपवतात. त्यांनी तो वर्गातसुद्धा उभं राहून सांगितला, आणि ज्यांना स्वतःबद्दल शंका होत्या ते त्या दिवसापासून बोलू लागले.

आसनदासजी अंथरुणातून उठलेच नाहीत. ते गेले तेव्हा मंदाताई उल्हासनगरला जाऊन आल्या. दिवसभर प्रकाशजवळ बसल्या होत्या.

प्रकल्प संपला तेव्हा विद्यापीठाने समारंभ केला. मी मंदाताईंना घेऊन गेले. तोवर त्यांची बरीच पडझड झाली होती. माझं नाव कधी आठवायचं, कधी नाही. सत्कारमूर्ती म्हणून त्यांना पहिल्या रांगेत बसवलं होतं, शेजारी मला. सरांनी भाषणात निकाल सांगण्याच्या पद्धतीचा गौरव केला. "आम्ही पहिल्यापासून सहभागी व्यक्तीला केंद्रस्थानी ठेवलं," असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. मी वाजवल्या नाहीत.

मग शाल, नारळ. सरांनी खाली येऊन माईक मंदाताईंपुढे धरला. "आजी, दोन शब्द."

मंदाताईंनी व्यासपीठावरच्या एकेका चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग मागे वळून रांगांकडे पाहिलं.

"आसनदास आला नाही?" त्यांनी विचारलं.

सर माझ्याकडे झुकले आणि माईक बाजूला धरून हळूच म्हणाले, "आसनदास कोण?"

मी त्यांच्या हातातून माईक घेतला. उल्हासनगरच्या कापडाच्या दुकानापासून सुरुवात केली, सुरतेच्या कॉलपासून, आणि दुसऱ्या चाचणीपर्यंत आले. त्या चाचणीत काय दिसलं होतं, ते कोणाला माहीत होतं, कोणाला सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं. कुणीतरी सूत्रसंचालकाला खूण केली. वेळ संपल्याची चिठ्ठी माझ्या हातात आली. मी क्षणभर थांबले.

मंदाताईंनी शाल मांडीवरून काढून बाजूच्या खुर्चीवर ठेवली होती. त्या माझ्याकडे एकटक बघत होत्या. मी कोण, हे त्यांना त्या क्षणी ठाऊक होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

"थांबू नको," त्या म्हणाल्या. "पुढे बोल."