बटण दाबून धरणारे आम्ही

फोन आला तेव्हा मी फुलंब्रीला एका साखरपुड्यात पंगतीत बसलो होतो. पलीकडून आमच्या ऑफिसातले मोजणीवाले नसीमभाई. म्हणाले, दत्ताभाऊ जिन्यात पडले. माझ्या तोंडून एकच शब्द निघाला, "परत?" मग नसीमभाई हळूच म्हणाले, "मतलब, तुमकू भी मालूम था?" आणि त्यानंतर त्यांनी भाऊ गेल्याचं सांगितलं... माणूस गेल्याचं कळल्यावर रडू यावं. मला आधी लाज वाटली. आता महिना उलटला, रडूही येऊन गेलं, लाज मात्र जागची हलायला तयार नाही.

आमचं ऑफिस म्हणजे गारखेड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. शहर चहूकडं पसरत होतं, बायपासच्या पलीकडच्या, बिडकीनकडच्या शेतांचे प्लॉट पडत होते आणि त्यांचे नकाशे आम्ही काढत होतो. नसीमभाई मोजणी करायचे, सुनंदाताई आणि मी नकाशावर. दत्ताभाऊ मालक, पण मालक म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. वडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरलेले, हे पॉलिटेक्निक शिकून शहरात आलेले. नकाशाचं सॉफ्टवेअर सगळ्यांकडं असतं तसं आमच्याकडंही चोरीचं होतं आणि ते भाऊंना सलायचं. एक दिवस त्यांनी ते सगळं पुसून मोठ्या कॉम्प्युटरवर फुकट पण रीतसर मिळणारं लिनक्स टाकलं आणि शेजारच्या ऑफिसांत पेढे वाटले. आता आपल्या घरात चोरीचा माल नाय, म्हणाले. कॉम्प्युटरसाठी पेढे! त्यांच्या माघारी आम्ही पोट धरून हसलो.

आणि ते मशीन अडकायला लागलं. रोज नाही, मधूनच कधीतरी. पडदा जागच्या जागी गोठलेला, माऊसचा बाण हलेना, कोपऱ्यातलं घड्याळ थांबलेलं. पहिल्यांदा झालं ते नेमकं शेजारचा पेढे खाल्लेला माणूस समोर असताना. फुकटचं ते फुकटचंच, असं काहीतरी तो बोलून गेला आणि भाऊंचे कान लाल झाले. त्यांचा तो चेहरा आम्हाला बघवेना. मग कुणी न ठरवताच आमच्यात एक रीत पडली. मशीन अडकलं की भाऊ आतल्या खोलीतून यायच्या आत बटण दाबून धरायचं, बंद करून चालू करायचं आणि काही झालंच नाही असं तोंड करून बसायचं. मोठ्या माणसाची फजिती झाली तर आपण ती पाहिली हे त्याला कळू द्यायचं नाही, हे आम्ही तिघंही आपापल्या घरून शिकून आलेलो. आम्हाला ते पुण्याचं काम वाटायचं. तिकडं भाऊ बिचारे कारण शोधत बसायचे. रॅमच्या पट्ट्या एकेक काढून तपासल्या, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला, पंख्यातली धूळ झाडली. काही हाती लागेना.

शेवटी त्यांनी मशीनच्याच नोंदी उघडल्या. कधी चालू झालो, कधी बंद झालो, हे ते आपलं आपण लिहून ठेवतं. नीट बंद न होता मध्येच तुटलेल्या नोंदी भाऊंना माहीत होत्या त्याहून कितीतरी जास्त निघाल्या. त्यांनी आम्हाला समोर बसवलं. आवाज चढवला नाही.

"तुम्ही माझी लाज राखायलात का मशीनचा जीव घ्यायलात?"

नसीमभाईंनी खाली बघून सांगितलं, "आपकू बुरा लगेंगा करके नै बोले, भाऊ." भाऊंनी कपाळावर हात मारला. मग समजावलं, की पडदा गोठला तरी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आत शिरून ते जितं आहे का मेलंय ते बघता येतं. तुम्ही बटण दाबलं की पुरावाच पुसला जातो. त्यानंतर आम्ही एकेकानं लपवलेलं बाहेर काढलं. सुनंदाताईंच्या वेळी त्या जेवून परत आल्या तर अडकलेलं. नसीमभाई नमाजहून आले तेव्हाही तसंच. माझ्या वेळी मी फोनवर होतो, माऊसला हात नव्हता. भाऊ एकदम सरळ बसले. म्हणाले, काम करताना एकदाबी नाय, ते निजतंय तवाच अडकतंय! खरंच तसं होतं. रिकामा बसला की प्रोसेसर वीज वाचवायला गाढ झोपी जायचा आणि तिथून त्याला उठता यायचं नाही. भाऊंनी मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये एक ओळ घातली, इतकं खोल झोपू नको अशा अर्थाची. त्यानंतर ते कधी अडकलं नाही.

मग पाऊस दडी मारून बसला. उन्हाळा आला तसं बिल्डिंगचं बोअर आटलं, टँकर खाली उभा राहायचा आणि पाण्याचे कॅन जिन्यानं वर न्यायचे. भाऊ स्वतः न्यायचे, कुणाचं ऐकायचे नाहीत. त्याच उन्हाळ्यात मी आणि ते बिडकीनला गेलो होतो. एका कोरड्या तलावाच्या पाळीवर चढता चढता ते मटकन खाली बसले. चेहरा पांढराफटक, क्षणभर डोळे फिरले. पाणी पाजलं, सावरले. म्हणाले, ऊन लागलं, तुमच्या वहिनीला सांगू नका, लई घोर लावून घेती. मी व्हय म्हणालो आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. त्यांना ओशाळल्यासारखं होऊ नये म्हणून... काय तो माझा समजूतदारपणा!

तेरावं झाल्यावर आम्ही तिघं त्यांच्या घरी ओसरीत बसलो होतो. बोलता बोलता नसीमभाईंनी सांगितलं, कॅन घेऊन जिना चढताना भाऊ एकदा कठडा धरून खाली बसले होते. सुनंदाताईंनीही तेच पाहिलं होतं, वेगळ्याच दिवशी, आणि भाऊंना कळू नये म्हणून त्या दोन पायऱ्या मागं सरल्या होत्या. प्रत्येकाला वाटलं होतं, एकदाच झालं. तिघांचं शेजारी ठेवलं तर सगळं चढतानाचं. हृदयाचं दुखणं आहे हे कुणीही ओळखलं असतं.

लतावहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. केव्हापासून, देव जाणे. नसीमभाई चाचरत म्हणाले, भाऊंनी शपथ घातली होती भाभी. वहिनींनी ट्रे खाली ठेवला.

"तुमच्या त्या मशीनचं मला सांगितलं होतं त्यांनी," त्या म्हणाल्या. "घरी येऊन लई हसले. म्हणले, लता, आता माझी माणसं काय लपवायची नायत."

मग त्यांनी एकेकाच्या हातात कप दिला आणि समोर भिंतीला टेकून बसल्या. चहात साखर टाकायची राहून गेली होती. आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं आणि काही न बोलता तो तसाच प्यालो.