दाजी आणि अण्णांचा उजवा हात

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात एकाही माणसाचं तोंड नीट पाहिलं असेल, असं मला वाटत नाही. ते माणसं ओळखत हातावरून, आणि तेही कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागावरून. बाकीचा देह देवानं जागा भरायला केलाय, अशी त्यांची समजूत असावी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या आक्काचे यजमान. पुण्याला डॉक्टरकी शिकून आले आणि निपाणीत तंबाखूच्या वखारींशेजारी दवाखाना थाटून बसले. खोकला घेऊन आलेला माणूसही तिथं आधी हात पुढं करी, कारण त्याशिवाय सुटका नाही हे गावाला ठाऊक होतं. दाजी त्या हातावर जांभळ्या पेन्सिलीनं धमन्या काढत. "ही बघ, दंडातनं एकच येतीया. कोपराखाली हिच्या दोन झाल्या. एक अंगठ्याकडं, एक करंगळीकडं. करंगळीकडचीला आणि एक फाटा फुटतोय, त्यो दोन हाडांच्या मधी जातोय." मग खोकल्याचं औषध. घाईचा रोगी असला तर नुसत्या दोन मोठ्या धमन्यांवर भागे. तो रंग लवकर जात नसे. निपाणीच्या बाजारात जांभळ्या हाताची माणसं दिसली, की दाजींचा दवाखाना बरा चाललाय असं आम्ही समजायचो.

चिकोडीच्या कोर्टात जमिनीच्या वाटणीवरून भांडणारे दोघे भाऊ एकदा ताप घेऊन त्यांच्याकडे आले. दाजींनी दोघांचे हात टेबलावर शेजारी शेजारी मांडले. "कोपराला वेगळ्या झाल्या तरी ह्या दोघी तळहातात जाऊन परत एकमेकीला मिळत्यात. एक बंद पडली तर दुसरी बोटं जगवती. तुमास्नी एवढं कळंना व्हय रं?" भावांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि पुढच्या तारखेला कोर्टात हजर झाले. दाजी फार खट्टू झाले. भांडण मिटलं नाही याचं त्यांना एवढं दुःख नव्हतं. इतकी सुरेख रचना डोळ्यांपुढं धरूनही माणसं हलली नाहीत, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

आमच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, हा जावई मुळीच पसंत नव्हता. अण्णा बेळगुंदीचे शेतकरी. जन्मात कुणाला नाडी दाखवलेली नाही. दाजी आले की ते दोन्ही हात घोंगडीत घालून बसत. "जावई हाय का कासार?" ते आईला विचारत. "आला की मनगाट धरतोय."

एका सुगीत भाताची मळणी चालू असताना अण्णा खळ्यावरच कोसळले. श्वाससुद्धा हाताला लागेना. गावचे वैद्यबुवा धावत आले. पुरुषाची नाडी उजव्या हाताला पाहायची ही रीत. त्यांनी ती पाळली. बराच वेळ चाचपून त्यांनी मान हलवली आणि पंच्यानं डोळे पुसले. अण्णांना घरात आणून जमिनीवर घेतलं, तोंडात तुळशीपत्र ठेवलं, भावकीतली माणसं तिरडीसाठी बांबू तोडायला घरामागच्या परड्यात गेली. दाजी आक्काला माहेरी पोचवायला त्याच दिवशी निघाले होते. ते दोघं दारात आले ते थेट या रडारडीत. आक्कानं हंबरडा फोडला. दाजी मात्र सरळ आत जाऊन अण्णांजवळ बसले. तो उजवा हात पहिल्यांदाच त्यांच्या तावडीत सापडला होता. त्यांनी मनगट चाचपलं, कोपर चाचपला, मग हात उलटा करून अंगठ्यामागच्या खळग्यात बोट ठेवलं.

"हाय," ते म्हणाले. "लई बारीक हाय, पण हाय. मामांची धमनी मनगटाच्या आधीच मागं वळलीया. अशी एखाद्याचीच असती."

डाव्या हाताची नाडी नेहमीच्या जागी होती, पण तिकडं पाहायचं कुणाला सुचलंच नव्हतं. दाजींनी पाय उंच करवले, सुई टोचली. दिवेलागणीला अण्णांनी तुळशीपत्र थुंकून विचारलं, "माझं बांबू कुणी तोडलं रं?"

तेव्हापासून जावई आला की अण्णा आपणहून उजवा हात पुढं करत. "बघा, हाय का न्हाय?" दाजी खळग्यात बोट ठेवून डोळे मिटत आणि "हाय, मामा" म्हणत. दोघांचं एवढंच बोलणं होई, पण त्या भेटीसाठी अण्णा आदल्या दिवशी दाढी करवून घेत. मला ते पाहून फार बरं वाटे.

पुढं काही वर्षांनी अण्णा अंथरुणातच गेले. वैद्यबुवांनी या खेपेला दोन्ही मनगटं पाहिली, अंगठ्यामागं पाहिलं, आणि बाजूला सरकून बसले. तरी कुणी तुळशीपत्र आणलं नाही. निपाणीला निरोप गेला होता आणि सगळं घर दाजींच्या वाटेकडं डोळे लावून बसलं होतं. दाजींना नाडी सापडणार, अशी मलाही मनातून खात्री वाटत होती.

दाजी आले. त्यांनी अंगठ्यामागं बोट ठेवलं. मग मनगटावर, मग करंगळीच्या बाजूनं वर वर, कोपरापर्यंत. हात गार पडलेला त्यांना कळला नसेल असं कसं म्हणू? "थांबा," ते म्हणाले. "दुसरीकडं वळली असंल." आणि पुन्हा खळग्यापासून सुरुवात केली.

शेवटी आक्का त्यांच्याजवळ येऊन बसली. "अहो, सोडा आता हात त्यांचा."

"मागं सापडली होती गं," दाजी म्हणाले.

त्यांनी हात सोडला नाही. आम्हीही घाई केली नाही.