पाठ करून बसणाऱ्या अक्का

शिवकांता अक्कांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. नांदेडहून मी लातूरला मेडिकल प्रवेशाच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला आले आणि त्यांच्या मेसच्या वरच्या खोलीत राहिले. पहिल्याच दिवशी माझ्या सहा वर्षांच्या रेवाने त्यांचं ताट ढकललं. ‘आमच्या मेसमधून उपाशी कुनी जात न्हाई,’ अक्का गरजल्या. ‘ही जाते,’ मीही ऐकवलं.

रेवाला ऑटिझम आहे. तेव्हा ती पांढरा भात, पापड आणि न तुटलेली बिस्किटं, एवढंच खायची. मी फार शहाणी. भातात वरण लपवलं. तिने ओळखलं आणि भातही सोडला. वजन पाहून डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. घरी येऊन मी ते अक्कांना सांगितलं.

अक्कांनी कप्प्यांचं ताट काढलं. भात एकीकडे, पापड दुसरीकडे. ते रेवापुढे ठेवून त्या तिच्याकडे पाठ करून शेंगा फोडत बसल्या. मेसच्या पोरांना हुकूम सुटला, ‘पोरीकडं कुनी बघायचं न्हाई.’ चाळीस भावी डॉक्टर आणि मी भिंतीकडे तोंड करून जेवू लागलो. ते पाहून जळकोटच्या एका पालकांनी या पद्धतीची बॅच कधी सुरू होते, अशी चौकशीही केली.

तिसऱ्या आठवड्यात कप्प्यातला भात संपला. अक्कांनी मला वळू दिलं नाही. मी भिंतीकडे बघतच रडले.

हे कुठे शिकलात, असं मी विचारलं. ‘भूकंपात. पत्र्याच्या शेडात सगळ्यांसाठी रांधत होते. घरची मानसं गेलेली लोकं, खा म्हनलं की उठून जायची. मग ताट ठिवायचं आन् पाठ करायची.’ एवढं बोलून त्या आमटी ढवळायला गेल्या.

रेवा आता सोळा वर्षांची आहे. वर्षाला जेमतेम एखादा नवा पदार्थ, या हिशेबाने यादी अकरावर आली आहे. मागच्या महिन्यात अक्का तापाने पडल्या. आम्ही सगळे ‘दोन घास तरी घ्या’ म्हणून मागे लागलो, त्यांनी तोंड फिरवलं. रेवाने आपलं कप्प्यांचं ताट आणलं, भात एकीकडे, वरण दुसरीकडे वाढलं, त्यांच्यापुढे ठेवलं आणि पाठ करून बसली. आम्हालाही तिने भिंतीकडे वळवलं. थोड्या वेळाने मागे चमचा वाजला.

अक्का, पंचाहत्तरी झाली म्हणून हात आखडू नका. ठणठणीत राहा. यादीत अजून वांगं यायचं आहे.