रोस्मिनीच्या कार्डावरची माणसं

तान्जुंग पाले गावात दर महिन्याच्या दहा तारखेला बाळांचं वजन होतं, आणि त्या दिवशी इबू रोस्मिनीपुढे, म्हणजे रजिस्टर सांभाळणाऱ्या रोस्मिनीबाईंपुढे, तोंड उघडायची कोणाची टाप नसायची. नर्सबाई शहरातून यायच्या आणि सही करून जायच्या; राज्य सगळं रोस्मिनीचं. रजिस्टरात बाळं एकेचाळीस, म्हणून पातेल्यात अंडी एकेचाळीस आणि नारळाच्या दुधातली मुगाची खीर बरोबर एकेचाळीस वाट्या. कोणी आणखी एक वाटी मागितली, तर ती चष्म्यावरून असं बघायची की मागणाऱ्याची भूकच पळून जायची.

नियमाच्या बाबतीत तिने घरच्यांनाही सोडलं नव्हतं. आमच्याकडे दुसऱ्याच्या कुटुंबकार्डावर बसायची रीत जुनी. कोणाला शाळेसाठी, कोणाला दवाखान्यासाठी गावातला पत्ता लागतो. मग मामाच्या, आत्याच्या कार्डावर खालच्या ओळीत नाव चढवून घ्यायचं. तिची भाची आसरियानी मुलीचं नाव चढवायला आली होती, केकचा डबा घेऊन. रोस्मिनीने केक ठेवून घेतला आणि भाचीला परत पाठवलं. "माझ्या छपराखाली जो झोपत नाही, त्याचं नाव माझ्या कार्डावर नाही," म्हणाली. मुलाचं नाव निघालं आणि नवरा वारला, तेव्हापासून त्या कार्डावर एकच नाव होतं. ते तिने टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं, आणि दिवसातून चार वेळा पुसायची.

अशा बाईपुढे एका दहा तारखेला हामसिया येऊन उभी राहिली. बाजाऊ बाई. बाजाऊ लोक होडीतच जन्मतात, होडीतच संसार करतात. तिचा नवरा दुसऱ्याच्या होडीवर दूरच्या बेटांकडे मासेमारीला गेलेला, होडी खाडीत बांधलेली, आणि कडेवर चौदा महिन्यांची सालिमा. पोरीच्या मनगटाला दोरा बांधला होता, तो घसरून कोपरापर्यंत जायचा.

"कार्ड?" रोस्मिनीने विचारलं.

"नाहीये, इबू. वस्तीप्रमुखांकडे जाऊन आले. लाताडाकाका म्हणतात, कार्डाला घर लागतं. आमची तर होडी."

"मग मी काय करू? कार्डाशिवाय रजिस्टरात नाव नाही, आणि नावाशिवाय पोर काट्याला टांगता येत नाही. कार्ड घेऊन ये."

हामसिया वाद न घालता निघून गेली. रोस्मिनीने त्या दिवशी पातेली घासली, उरलेली अंडी शून्य, असं रजिस्टरात लिहिलं आणि गाढ झोपली. तिच्या नशिबातली ती शेवटची गाढ झोप, असं आसरियानी अजूनही म्हणते. पण आसरियानीचं सगळंच काही खरं धरायचं नसतं.

पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला हामसिया पुन्हा आली. पण पायऱ्या चढली नाही. खालीच उन्हात थांबली, सगळी बाळं होईपर्यंत. मग वर येऊन तिने परकराच्या गाठीतून दोन चिठ्ठ्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या.

त्या धक्क्यावरच्या मासळीच्या व्यापाऱ्याच्या चिठ्ठ्या होत्या. वर छापलेलं: मालाचा प्रकार, वजन. प्रकाराच्या रकान्यात व्यापाऱ्याने पेनाने लिहिलं होतं, "मूल". पहिल्या चिठ्ठीवर सात किलो. दुसरीवर सहा किलो सहाशे.

"हे काय गं?" रोस्मिनीचा आवाज नेहमीसारखा चढला नाही.

"तुम्ही म्हणालात, कार्डाशिवाय टांगता येत नाही. त्यांच्याकडे पण असाच दांडीचा काटा आहे, इबू. त्यांना कार्ड लागत नाही. मी म्हटलं, तुम्हाला आकडा तरी मिळेल लिहायला."

वजनाच्या दिवशी गावातल्या अर्ध्या आया काटा बघून बिचकतात. माशाच्या काट्यावर पोर टांगायचं नसतं, म्हणतात. समुद्राला वाटतं, विकायला काढलं. रोस्मिनीने किती जणींना यावरून झापलं होतं. आणि ही बाई, जिचा सगळा संसार समुद्रावर, तिने स्वतःच्या हाताने पोर माशांच्या आकड्याला अडकवलं होतं. ते पण दोनदा. कारण रोस्मिनीने तिला कागद मागितला होता.

रोस्मिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने पोर घेतली, कापडी झोळीत बसवली आणि काट्याला लावली. सहा किलो तीनशे. आलेखावर ठिपका लाल रेघेच्या खाली पडला.

नर्सबाई युल्यांती सहीचं पेन बंद करत होत्या. "रजिस्टरात नसलेलं बाळ टांगलंत? तुम्ही? अहो, आरोग्यकेंद्रात दुधाची पाकिटं कार्डाच्या नंबरावर मिळतात. आता हिला कुठल्या नंबरावर पाठवणार?"

"माझ्या," रोस्मिनी म्हणाली.

"काय?"

"माझ्या कार्डावर बसेल. आई आणि पोर, दोघी. आणि आज आधी खाईल. माझ्या डब्यातलं अंडं द्या तिला."

कोपऱ्यात खिरीचं पातेलं खरवडत बसलेली आसरियानी ताडकन उठली. "वा गं मावशी! माझ्या पोरीला मेलीला छपराचा नियम, आणि हिला?"

"हिलाही तोच नियम," रोस्मिनी म्हणाली. "चल गं हामसिया, अंथरूण घेऊन ये होडीतून. नाव चढेपर्यंत माझ्याकडे झोपायचं."

बोलायला सोपं होतं. पण हामसियाला न हलणाऱ्या जमिनीवर झोपच येईना. पहिल्या दिवशी दुपारीच तिला गरगरायला लागलं. खांबांवरचं भक्कम घर, आणि ही भिंत धरून उलट्या काढतेय. "इबू, तुमचं घर फार स्थिर आहे हो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. रोस्मिनीने कपाळाला हात लावला. मग ओटीच्या तुळईला दोन बाजूंनी मासेमारीचं जाळं बांधून मोठा झोपाळा केला, आणि माय-लेकी त्यात निजल्या. येता-जाता रोस्मिनी त्याला हलका धक्का द्यायची. कोणी बघत नसलं तर एखादं गाणंही म्हणायची.

लाताडाकाका शहानिशा करायला आले. त्यांनी झोपाळा बघितला, चुलीजवळच्या तीन ताटल्या बघितल्या. "रोस्मिनी, तुला माहीत आहे ना, नवरा परत आला की ही होडीत जाणार?"

"माहीत आहे."

"मग हे खोटं नाही का?"

"काका, माझा मुलगा कामासाठी दूर बालिकपापान शहरात गेला, बारा वर्षं फिरकला नाही. तो निघून गेल्यावर सहा वर्षं त्याचं नाव कार्डावर होतं. तेव्हा नाही विचारलंत, खोटं आहे का म्हणून."

काकांनी खाली बघत सही केली.

पाकिटातलं दूध सुरू झालं. पोर आधी तोंड फिरवायची, मग वाटी हिसकावून घेऊ लागली. पुढच्या दहा तारखेला काट्यावर सहा किलो आठशे, त्याच्या पुढच्या महिन्यात सात किलो पाचशे. ठिपका लाल रेघेच्या वर आला, तेव्हा रोस्मिनी इतकी मोठ्याने ओरडली की काट्याखालचं दुसरं बाळ दचकून रडायला लागलं. हामसिया मात्र हसली नाही. तिने पोरीच्या मनगटावरचा दोरा हळूच फिरवून बघितला. तो आता कोपराकडे जात नव्हता. मग ती तिथेच पायरीवर बसून रडली.

वारा फिरल्यावर तिचा नवरा आला आणि होडी पुढच्या खाडीकडे निघाली. जाताना हामसियाने काचेखालचं कार्ड वाकून बघितलं. तीन नावं. तिला वाचता येत नव्हतं, तिने ओळी बोटाने मोजल्या.

"हे पुसून टाकणार का आता?"

"कशाला?" रोस्मिनी खेकसली. "परत यायला पत्ता नको का?"

आसरियानीच्या मुलीचं नाव पुढच्या आठवड्यात चढलं, चौथ्या ओळीत. शनिवार-रविवार ती झोपाळ्यात झोपते.

रोस्मिनी अजून रजिस्टर सांभाळते, अजून चष्म्यावरून बघते. नावं आता बेचाळीस. पातेल्यात मात्र दर दहा तारखेला पंचेचाळीस अंडी उकडलेली असतात. नर्सबाईंनी विचारलं, तर म्हणते, "वय झालं हो, मोजताना चुकते." आणि पायऱ्यांच्या खाली, उन्हात कोणी उभं आहे का, ते बघायला उठते.